बिनआवाजी ग्रासकटर: नवशिक्यांसाठी सहा सोपे पाठ

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

देवगड तालुक्यात वडिलोपार्जित कलमांची बाग, मुंबईत संपलेली नोकरी आणि निरोप समारंभात माइकवरून केलेली "आता गावी जाऊन शांतपणे राहणार" ही घोषणा, या तिन्ही गोष्टी ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी. गावी पोचल्यावर त्यांना कळतं की ऑगस्ट ते ऑक्टोबर शांतता तालुक्यात कुठेच मिळत नाही. सकाळी साडेसातला पहिला ग्रासकटर सुरू होतो, पलीकडच्या बागेतला त्याला उत्तर देतो, आणि दुपारपर्यंत अख्खी वाडी दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखी होते.

गवत कापलंच नाही तर? चालणार नाही. तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडून गेला की कातळावरचं गवतसुद्धा कमरेला लागतं. ऑक्टोबरच्या उन्हात ते वाळतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणाची तरी एक विडी पुरते. वणवा मोहोर बघत नाही. म्हणून बेणणी टळत नाही. पूर्वी विळे घेऊन आठ-दहा माणसं यायची. माणसं मिळेनाशी झाली म्हणून मशीन आलं, आणि आता मशीनचीही पिढी बदलते आहे. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप केव्हाच बॅटरीवर गेला. उरला ग्रासकटर.

साहित्य

६० कलमांची बाग (१० मीटर बाय १० मीटरला एक कलम लावतात, म्हणजे गुंठ्याला एक. ६० कलमं म्हणजे ६० गुंठे, दीड एकर. हा आकडा लक्षात ठेवा, परीक्षेत येणार आहे), टू-स्ट्रोक पेट्रोल ग्रासकटर एक, तो चालवणारे दादा एक, गमबूट एक जोड, मुंबईतला धाकटा भाऊ, बागेत निम्मा हिस्सा असलेला, एक, शेजारचे तात्या एक. तात्या मवाळ स्वभावाचे, दर मे महिन्यात न सांगता ओटीवर एक कापा फणस आणून ठेवणारे. पश्चिमेच्या कोपऱ्यात आपल्या दोन काजू आहेत, त्यांच्या बिया तात्या वेचतात. वेचू द्याव्यात. शेजारधर्म.

पाठ १: जुन्या मशीनचा मान राखा

नवीन मशीन आणण्याआधी जुन्याने आपल्यासाठी काय केलं ते आठवावं.

टू-स्ट्रोक मशीनला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात ऑइल मिसळावं लागतं. कोणी ५० ला १ म्हणतं, म्हणजे लिटरमागे २० मिली. कोणी २५ ला १ म्हणतं, म्हणजे ४० मिली. मशीनसोबत आलेल्या पुस्तकात जे लिहिलंय तेच खरं, पण ते पुस्तक पहिल्या वर्षीच वाळवीने वाचून संपवलेलं असतं. मग खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने माप घ्यायचं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरतो. जास्त झालं तर प्लग काळा होतो आणि बागेत सत्यनारायणाच्या पूजेइतका धूर होतो.

पेट्रोल आणणं हा वेगळा अध्याय. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे स्कूटरची टाकी भरून आणायची, घरी नळी घालायची, तोंडाने ओढायचं, थुंकायचं, आणि घरच्यांना "काही नाही, पान खाल्लं होतं" असं सांगायचं. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलला पाण्याची ओढ. श्रावणातल्या दमट हवेत महिनाभर उघड्यावर राहिलेल्या कॅनमध्ये ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी फार झालं की दोघं मिळून तळाशी जाऊन बसतात, आणि मशीनची नळी नेमकी तळातूनच पिते.

एवढं करून मशीन सुरू होईलच असं नाही. चोक लावा, रबरी फुगा सात-आठ वेळा दाबा, रस्सी ओढा. पुन्हा ओढा. चोक काढा. प्लग काढा, पुसा, लावा. रस्सी ओढा. इथे दादा मशीनकडे बघतात, आपण दादांकडे बघतो, आणि दोघं मिळून आभाळाकडे बघतो.

जुन्या मशीनचा मोठेपणा इथेच आहे. "मशीन चालत नाही" या वाक्याला कोकणात प्रतिप्रश्न नाही. भाऊ गप्प, बायको गप्प, गवत वाढतंय. दोन दिवस सुखात जातात. बॅटरीवर जाणाऱ्याने समजून असावं, की आपण केवळ धूर आणि आवाज सोडत नाही. आपण हे निमित्तही सोडतो आहोत. नवीन मशीन बटण दाबलं की चालू होतं. प्रत्येक वेळी. दुष्टासारखं.

आणि सुरू झालेल्या मशीनचा आवाजही नुसता उपद्रव नव्हता. त्या आवाजात दादा पश्चिमेच्या कोपऱ्याकडे हनुवटी करून दर वर्षी काहीतरी ओरडून सांगायचे, आणि मी कानाला हात लावून तितक्याच जोरात उत्तर द्यायचो, "हो हो, सगळं कापा!" चार वर्षं आमचा संवाद उत्तम होता.

पाठ २: व्होल्टला भुलू नका

खरेदीला बसल्यावर पहिल्यांदा दिसतात ते व्होल्ट. २१, ३६, ४०, ४८, ८८. लग्नपत्रिकेत नावापुढे छापलेल्या पदव्यांसारखे ते वाचावेत: असतील, पण चौकशी करावी.

बॅटरीच्या खोक्यात साधारण अंगठ्याएवढे जाड सेल असतात. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून नाव १८६५०. एकेक सेल ३.६ व्होल्टचा. दहा सेल एकापाठोपाठ जोडले की ३६ व्होल्ट. नुकत्याच पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत ते थोडा वेळ चाळिशीच्या पुढे दिसतात, म्हणून काही जण खोक्यावर ४० छापतात. ही थाप नव्हे, फार तर वाढदिवसाच्या दिवशीचा फोटो. पण ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या मशीनच्या बॅटरीवर "८८ व्होल्ट" लिहिलेलं असतं आणि आत मोजून पाच सेल निघतात. पाच गुणिले ३.६, म्हणजे १८. उरलेले ७० व्होल्ट स्टिकरमध्ये असतात. मी ते विकत घेतले आहेत. त्या मशीनने तुळशीवृंदावनाभोवतीची दूर्वा छान कापली जाते.

खरा आकडा वॉट-अवरचा. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणायचं. ३६ गुणिले ४ म्हणजे १४४ वॉट-अवर, एक सप्तमांश युनिट वीज. तुलनेसाठी: एक लिटर पेट्रोलमध्ये आठ युनिटांहून जास्त ऊर्जा असते. घाबरू नका. टू-स्ट्रोक इंजिन त्यातला मोठा वाटा उष्णतेत आणि धुरात घालवतं, थोडं पेट्रोल तर न जळताच बाहेर सोडतं. मोटर मात्र मिळालेल्या विजेतली बहुतेक पात्यापर्यंत पोचवते. तरीही हिशेब असा येतो: दाट गवतात एक बॅटरी वीस मिनिटं चालते आणि दोन गुंठे कापते.

खोक्यावर "४५ मिनिटांपर्यंत" लिहिलेलं असतं. त्यातलं "पर्यंत" महत्त्वाचं. ते गवत कुठल्या देशातलं आहे ते खोक्यावर लिहीत नाहीत.

पाठ ३: तंगूस की पातं?

मशीनच्या टोकाला दोन गोष्टी लावता येतात, तंगूस किंवा लोखंडी पातं.

तंगूस म्हणजे मासे धरायचं तेच नायलॉन, फक्त जाड. हे मी गमतीने म्हणत नाही. १९७१ साली अमेरिकेत ह्यूस्टनला जॉर्ज बॅलस नावाच्या गृहस्थांनी मोटारी धुणारे गोल फिरणारे ब्रश पाहिले, एका पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यातून मासेमारीची दोरी ओवली, डबा फिरवला आणि झाडाच्या बुंध्याजवळचं गवत कापून दाखवलं. देवगड बंदरावर तंगूस पिढ्यानपिढ्या होतं, पत्र्याचे डबेही होते. डबा फिरवायचं आपल्याला सुचलं नाही एवढंच.

आपल्या बागेसाठी नियम सोपा आहे. जिथे गवतात जांभ्याचे दगड लपलेले आहेत तिथे तंगूस. ते दगडावर आपटून झिजतं, पण दगड तात्यांच्या कौलांवर जात नाही. जिथे रानमोडी नाहीतर करवंदाची जाळी आहे तिथे पातं. कलमाच्या बुंध्याजवळ दोन्ही नाही, तिथे विळा. साल गोल सोलली गेली तर झाड ओरडत नाही, दोन वर्षांनी नुसतं वाळतं. तंगूस जितकं जाड तितकी बॅटरी लवकर बसते हेही ध्यानात ठेवावं.

आणि एक गोष्ट गंमत बाजूला ठेवून सांगतो. पेट्रोलचं मशीन बंद आहे की चालू, ते शेजारच्या वाडीलाही कळायचं. बॅटरीचं मशीन हातात असतं, गप्प असतं, आणि बोट खटक्यावर असतं. मशीनच्या डोक्यात गुंतलेलं गवत काढायच्या आधी बॅटरी बाहेर काढायची. बंद करायचं नव्हे, बॅटरीच काढायची. बाकीचे पाठ विसरलात तरी चालेल, हा नको.

पाठ ४: चार्जिंगचं वेळापत्रक

माझ्याकडे दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर. कापायला वीस मिनिटं, चार्ज व्हायला एक तास. नवशिक्यांनी पुढील वेळापत्रक भिंतीवर लावावं.

सकाळी ८.००: पहिली बॅटरी. गवत सपासप. "उगाच इतकी वर्षं पेट्रोल ओतलं" असं वाटण्याचा काळ.

८.२०: पहिली बॅटरी चार्जरला, दुसरी मशीनला.

८.४०: दुसरीही संपली. दादा उंबराखाली. चहा.

९.२०: पहिली भरली. काम सुरू.

९.४०: काम बंद. चहा.

१०.२०: दुसरी भरली. काम सुरू.

१०.३०: वाऱ्याने कुठेतरी वायरवर फांदी पडते आणि लाइट जाते. चहा.

अशा वेळी घरच्या इन्व्हर्टरवर चार्जर लावावासा वाटतो. लावू नये. एका बॅटरीने दुसरी बॅटरी भरायची, त्यात दोन्हीकडे थोडी थोडी वीज वाया घालवायची, आणि संध्याकाळी अंधारात बसून हे घरच्यांना समजावून सांगायचं, यात कोणाचंच भलं नाही.

पैशाचं म्हणाल तर युनिटमागे दहा रुपये धरले, चार्जरमधली घट धरली, तरी एक बॅटरी भरायला पावणेदोन रुपये पुरतात. तीस वेळा भरली तरी पन्नासच्या आसपास. त्याच कामाला पूर्वी सात-आठ लिटर पेट्रोल लागायचं, आणि पेट्रोलने केव्हाच शंभरी ओलांडली आहे. बचत खरी आहे. पण दोन दिवसांचं काम पाच दिवसांवर गेलं आणि दादांची मजुरी दिवसाची. वाचलेलं पेट्रोल मजुरीत, दुधात आणि साखरेत गेलं. त्यामुळे एकतर चार बॅटऱ्या आणि तीन चार्जर घ्यावेत, नाहीतर काम उक्तं द्यावं. मी दोन्ही केलं नाही, म्हणून मार्गदर्शिका लिहायला वेळ मिळाला.

पाठ ५: शांततेची सवय

पहिला फोन भावाचा आला. त्याची पद्धत ठरलेली होती. डोंबिवलीहून फोन करायचा आणि माझ्या मागे मशीनचा आवाज ऐकायचा. आवाज आला की "बरं, चालू दे." हीच त्याची सहहिस्सेदारी. यंदा तो म्हणाला, "आवाज नाही येत. काम बंद आहे का?" मी म्हटलं, चालू आहे. तो म्हणाला, "मग आवाज का नाही?" त्याला ब्रशलेस मोटर समजावून सांगितली. तो शांतपणे म्हणाला, "दादा, खरं सांग, माणूस आलाच नाही ना?" तिसऱ्या दिवशी जुनं पेट्रोलचं मशीन बाहेर काढून अंगणात नुसतं चालू ठेवावं लागलं. अर्थात ते चालू झालं नाही.

शांततेचा दुसरा भाग कानांचा. मशीन गुणगुणतं, पण त्याच्यावरून ऐकू येतं. टिटवी ऐकू येते. पलीकडे कोणाच्या घरी काय फोडणीला पडलं ते ऐकू येतं. आणि एक दिवस दादा एकदम थांबले, खटका सोडला, हात वर केला. दगडाच्या कडेला लाकूड करवतल्यासारखी बारीक करकर. फुरसं. हा साप फुत्कार सोडत नाही, वेटोळ्यातले खवले एकमेकांवर घासून आवाज करतो. लांबीला हातभर नाही, पण विष जबर. पेट्रोलच्या आवाजात आम्ही त्याच्यावर पाय दिल्यावरच त्याची ओळख झाली असती. दोघं चार पावलं मागे सरलो. त्याने आम्हाला नीट पाहून घेतलं आणि सावकाश दगडाखाली गेला. बॅटरीची पूर्ण किंमत त्या एका मिनिटात वसूल झाली असं मी तेव्हाच जाहीर केलं.

गमबूट मात्र तेच राहू द्यावेत. त्यांना चार्जिंग लागत नाही.

पाठ ६: हिशेब

पेट्रोलला हिशेब नसतो. टाकीत ओततो, संपतं, पुन्हा ओततो. बॅटरी मोजता येते. मी खळ्यातल्या खांबावर खडूने रेघा मारायला लागलो. दोन गुंठ्यांना एक, ६० गुंठ्यांना ३०.

पाचव्या दिवशी रेघा झाल्या ३२.

पुन्हा मोजल्या, ३२. मी बॅटरीला दोष दिला. नवीन असून हिची ताकद उतरली. मग चार्जरला दोष दिला. मग तंगूस फार जाड, असं ठरवलं. शेवटी ओळीने कलमं मोजत पश्चिमेच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. दादा तिथेच शेवटचा पट्टा कापत होते. मी विचारलं, "दादा, चार गुंठ्यांची वीज जास्त कशी गेली?"

मशीन चालूच होतं, तरी मला उत्तर ऐकू आलं. चार वर्षांत पहिल्यांदाच.

"काकानू, मी दर वर्सा बोंबलतंय. ह्यो कोपरो आपलो नाय, तात्यांचो."

मग त्यांनी गमबुटाने कापलेलं गवत बाजूला सारलं. खाली गुडघ्याएवढा, शेवाळलेला, चारी बाजूंनी घडवलेला जांभ्याचा दगड. गडगा माझ्या वडिलांच्या वेळीच ढासळला होता, हद्दीचा दगड मात्र जागेवर होता. त्याच्या पलीकडे चार गुंठे आणि दोन काजू. ज्या काजूंच्या बिया मी मोठ्या मनाने तात्यांना वेचू देत होतो.

साठवण

काम संपल्यावर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये आणि पूर्ण रिकामीही ठेवू नये. अर्धी भरलेली, कोरड्या आणि सावलीच्या जागी. माळ्यावर कौलांखाली नको, मे महिन्यात तिथे पापड भाजतात. पुस्तिकेत "शून्य अंशाखाली चार्ज करू नये" असा ठळक इशारा आहे. देवगडात तो तंतोतंत पाळला जातो.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) ३६ व्होल्ट × ४ अँपिअर-अवर = ____ वॉट-अवर.
(आ) स्टिकरवरचे ८८ – आतले १८ = ____ (अक्कलखाती जमा).

२. कारणे द्या.
(अ) लेखकाने चार वर्षं "हो हो, सगळं कापा" असे उत्तर दिले.
(आ) तात्या दर मे महिन्यात फणस आणून ठेवत.

३. गणित सोडवा. एक मनुष्य दर वर्षी शेजाऱ्याचे चार गुंठे फुकट कापून देतो. चार वर्षांत त्याने एकूण किती गुंठे कापले? मिळालेले फणस वजा करून उत्तर भावाला न सांगता वहीत लिहा.

४. कोण कोणास म्हणाले?
(अ) "आवाज नाही येत. काम बंद आहे का?"
(आ) "आम्हाला वाटलं, मुंबईहून आलात, आवड असेल."
(इ) "मशीन छानच आहे हो तुमचं, अजिबात त्रास नाही. फक्त पुढच्या वर्षी आमच्या कोपऱ्यात याल तेव्हा हाक मारा. आता आवाजावरून कळत नाही, चहा कधी ठेवायचा ते."